घरात मिशिगन, घरातच ओहायो स्टेट: तो शनिवार कसा काढता? आणि त्या सामन्याला आता पूर्वीची किंमत राहिली आहे का?

निळीशाई | १७ नोव्हेंबर २०२५

आम्ही मिशिगन राज्यात कँटनला राहतो, ॲन आर्बरपासून गाडीने अर्ध्या तासावर. लेक ॲन आर्बरला, मिशिगन विद्यापीठात, तिसऱ्या वर्षाला आहे. धाकटा ऑगस्टमध्ये कोलंबसला गेला, ओहायो स्टेट विद्यापीठात. आठ वर्षांचा असल्यापासून मिशिगनची निळी-पिवळी टोपी घालून झोपणारा पोरगा! प्रवेश मिळाल्याची मेल आली तेव्हा ताईने त्याला मिठी मारली, रडली आणि मग म्हणाली, "सप्टेंबर ते नोव्हेंबर मला फोन करायचा नाही."

आमच्याकडे शनिवार म्हणजे कॉलेजचा अमेरिकन फुटबॉल हे गेली पंधरा वर्षं ठरलेलं आहे. सकाळी पोहे, दुपारी बारा ते रात्रीपर्यंत जे काही लागेल ते, मध्ये कपड्यांच्या घड्या आणि भाजी निवडणं. यंदा सासू-सासरेही कोल्हापूरहून आले आहेत, जानेवारीपर्यंत आहेत. २९ तारखेला, थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी, दोन्ही विद्यापीठांचा दरवर्षीचा सामना, मिशिगन-ओहायो स्टेट, ॲन आर्बरला आहे आणि सगळे सात जण (नणंद येतेय शिकागोहून) एकाच दिवाणखान्यात असणार आहेत.

प्रश्न दोन. पहिला, ज्यांच्या घरात असे दोन तट आहेत ते हा दिवस कसा पार पाडतात? दुसरा प्रश्न खरा भांडणाचा. गेल्या वर्षी मिशिगनने कोलंबसला जाऊन १३-१० असं हरवलं. ओहायो स्टेट तेव्हा देशात दुसऱ्या क्रमांकावर होतं, आणि मिशिगन जिंकेल असं आमच्या घरातही कोणी म्हणत नव्हतं. पण प्लेऑफ (मोसमाअखेरची बाद फेरी) आता १२ संघांचं झालंय, त्यामुळे हरूनही ओहायो स्टेट आत राहिलं आणि जानेवारीत नोटर डेम विद्यापीठाला ३४-२३ हरवून राष्ट्रीय विजेतं झालं. मुलगा म्हणतो, "मग त्या एका शनिवारचं काय घेऊन बसलीस?" मुलीला हे ऐकवत नाही. मला स्वतःला वाटतं की किंमत तसूभर कमी झालेली नाही. पण त्याला पटेल असं उत्तर मला देता येत नाही. तुम्ही सांगा.

बकआयबाबा

मी कोलंबसजवळ डब्लिनला असतो. त्या १३-१० ला मी स्टेडियममध्ये होतो. लाखभर माणसं आणि चिडीचूप. घरी येईपर्यंत गाडीत मी, बायको, मुलगा, कोणी अक्षर बोललं नाही. आठवडाभर ऑफिसात सगळे प्रशिक्षक रायन डे यांना काढा म्हणत होते, आणि सात आठवड्यांनी तेच लोक त्यांच्या नावाने नाचत होते. मीही नाचलो, मनापासून नाचलो. पण तुमच्या मुलाला माझ्याकडून सांगा: तो चषक आला म्हणून ती शनिवारची दुपार पुसली गेली नाही. २०२१ पासून सलग चार वेळा हरलोय. माझा मुलगा बारावीत आहे, मिशिगनवर मिळवलेला शेवटचा विजय त्याने सहावीत असताना पाहिला होता.

कट्टाकर_पुणे

मध्येच विचारतो, रागावू नका. भाचा यंदा तिकडे शिकायला गेलाय आणि फोनवर दुसरं काही बोलत नाही. फुटबॉल म्हणतात आणि चेंडू हातात घेऊन पळतात. आणि दर दहा सेकंदांनी थांबतात. यात बघायचं काय?

निळीशाई

कट्टाकर, रागावायचं काय त्यात, माझ्या सासूबाईंनीही पहिल्या दिवशी हेच विचारलं. मी क्रिकेटच्या मापात सांगितलं. मैदान १०० यार्ड, म्हणजे साडेचार खेळपट्ट्या एकापुढे एक. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्न मिळतात आणि त्यात १० यार्ड पुढे जायचं, म्हणजे खेळपट्टीच्या निम्म्याहून थोडं कमी. गेले तर पुन्हा चार प्रयत्न. नाही गेले तर चेंडू समोरच्याला. शेवटच्या पट्ट्यात पोचलं की टचडाऊन, ६ गुण, वर एक किक मारून आणखी एक. पोचत नाही असं दिसलं तर लांबून खांबांमधून किक मारायची, त्याचे ३. एवढ्यावर पहिला सामना बघता येतो.

थांबण्याबद्दल मात्र सासरे बोलले ते मला फार आवडलं. ते तरुणपणी तालमीत होते. म्हणाले, "थांबत नाहीत गं. कुस्ती लागते, सुटते, पुन्हा लागते. बघायचं ते पुढं कोण कसा उभा राहतोय ते." आता ते चेंडूकडे बघतच नाहीत, पुढच्या फळीतल्या दांडग्या गड्यांच्या पायांकडे बघतात. आणि पुढचा डाव धावण्याचा की फेकण्याचा, हे बऱ्याचदा बरोबर सांगतात.

नाद_खुळा

आजोबास्नी नमस्कार सांगा ताई! कुठल्या पेठेतले?

निळीशाई

शिवाजी पेठ.

नाद_खुळा

मग त्यास्नी काय शिकवायचं ओ! शाहू स्टेडियमवर शिवाजी विरुद्ध पाटाकडील म्याच असली की आमच्या गल्लीत दुपारी चिटपाखरू नसायचं. आमचा फुटबॉल पायाचा, तुमचा हाताचा, पण ईर्षा तीच. कोल्हापुरात टीम कंपनीची नसती, तालमीची असती. खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, पाटाकडील म्हंजी पीटीएम. पोरगं कुठल्या पेठेत जन्मलं त्यावर ते कुणासाठी वरडणार ते ठरलेलं. माझी थोरली बहीण मंगळवार पेठेत दिली, तर म्याचच्या दिवशी दाजी आमच्याकडं जेवायला यायचे न्हाईत. दुसऱ्या दिवशी यायचे, मटण घिऊन.

ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाला हेच उत्तर. त्या दिवशी बोलू नका, दुसऱ्या दिवशी मटण करा.

स्टेडियमशेजारी

आम्ही ॲन आर्बरला, मिशिगन स्टेडियमपासून चालत बारा मिनिटांवर. बसायची जागा १,०७,६०१, आणि गावाची वस्ती सव्वा लाखाच्या आसपास! सामन्याच्या दिवशी आमच्या भागात सगळे आपापल्या अंगणातल्या हिरवळीवर गाड्या लावून घेतात. आई आली होती तेव्हा तिने हे काम ताब्यात घेतलं. स्वेटर, त्यावर माझं जाकीट, कानाला मफलर आणि घडीच्या खुर्चीत बसून पैसे घेणार. लाल कपड्यांतल्या ओहायोवाल्यांनाही जागा द्यायची, पण त्यांना सांगायची, "परत येताना रडू नका हं." मराठीत. ते हसून थँक्यू म्हणायचे. एका म्हाताऱ्या जोडप्याला तिने चहा दिला. ते दोन वर्षांनी पुन्हा आले तेव्हा आई इथे नव्हती, तर तिच्यासाठी डबाभर घरची चॉकलेटं ठेवून गेले.

मोदकप्रेमी

या निमित्ताने माझी एक कळकळ मांडू दे. मंडळाचा गणपती बहुतेक सप्टेंबरातल्या शनिवारी असतो आणि नेमका घरच्या मैदानावर सामना निघतो. दोन वर्षांपूर्वी आरतीला तरुण मुलं बोटांवर मोजण्याइतकी होती. आमच्या समितीत यावर दोन तास वाद झाला. शेवटी एक काकू म्हणाल्या, मुलांना आणायचं असेल तर आपण त्यांच्या वेळेला जाऊ. सामन्यांचं वेळापत्रक बरंच आधी जाहीर होतं, ते समोर ठेवून तारीख काढायला लागलो. यंदा बाहेरगावच्या सामन्याचा शनिवार घेतला, सकाळी आरती, आणि प्रसादानंतर हॉलमध्येच पडदा लावला. मुलं राहिली. खुर्च्या उचलायलाही राहिली!

हाडवैद्य

मोदकप्रेमी, फार चांगलं केलंत.

मला थोडं वेगळं बोलायचं आहे. मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे, आणि शनिवारी मीही टीव्हीसमोर असते. पण माझ्या मुलाला नववीत शाळेच्या संघात खेळायचं होतं तेव्हा मी नाही म्हटलं. गुडघे जोडता येतात. डोक्याला वर्षानुवर्षं बसणारे लहान लहान धक्के भरून काढता येत नाहीत. हेल्मेटने कवटी वाचते, आतला मेंदू हलायचा तो हलतोच. म्हणून समोरच्याच्या डोक्यावर मुद्दाम आदळणाऱ्याला आता कॉलेजच्या खेळात सामन्याबाहेर काढतात, त्या नियमाला लोक नावं ठेवतात तेव्हा मला वाईट वाटतं. तो नियम हवा आणि कडकच हवा. मुलगा शेवटी फ्लॅग फुटबॉल खेळला, त्यात पाडत नाहीत, कमरेची पट्टी ओढतात. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तो खेळ असणार आहे, क्रिकेटही. तो आता मला म्हणतो, "आई, तू मला ऑलिंपिकच्या वाटेवर लावलंस."

तिसरा_डाव

मूळ प्रश्नाकडे येतो, आणि मी मुलाच्या बाजूने आहे.

भावना बाजूला ठेवून इतिहास बघा. १९७५ पर्यंत बिग टेनमधून (हे दोघे ज्या विद्यापीठ-संघटनेत खेळतात ती) मोसमानंतरच्या सामन्याला एकच संघ जायचा, 'रोझ बोल' या सामन्याला. १९७३ मध्ये दोघेही अपराजित, सामना १०-१० बरोबरीत, आणि मग कोण जाणार ते विद्यापीठांच्या क्रीडा संचालकांनी मत देऊन ठरवलं: ओहायो स्टेट. मिशिगन एकही सामना न हरता घरी बसलं. त्या काळी या शनिवारवर सगळं वर्ष टांगलेलं असायचं. २००६ ला पहिला विरुद्ध दुसरा क्रमांक, ४२-३९, तेव्हाही तेच. २०१४ ला चार संघांचं प्लेऑफ आलं आणि दोर जरा सैल झाला. आता १२. हरलात तरी पुढचा आठवडा आहे. त्यात बिग टेन १८ संघांची, लॉस एंजेलिसपासून न्यू जर्सीपर्यंत. शेजारधर्मावर उभी राहिलेली स्पर्धा टीव्हीच्या पैशासाठी ताणली आहे. सामना चांगलाच असेल, पण त्याच्यावर जे पणाला लागायचं ते आता लागत नाही. हे मला आवडतं म्हणून सांगत नाही, मला याचं दुःख आहे.

बकआयबाबा

तिसरा डाव, मोसमाचा हिशोब तुमचा बरोबर. पण २००६ च्या त्या सामन्याच्या आदल्या दिवशी बो शेम्बेक्लर गेले. मिशिगनचे जुने प्रशिक्षक, आमच्या ओहायो स्टेटच्या वुडी हेज यांच्याशी दहा वर्षं झुंजलेले. दुसऱ्या दिवशी ओहायोच्या मैदानात, एक लाखाहून जास्त लोक त्यांच्यासाठी शांत उभे राहिले. जन्माच्या वैऱ्यासाठी. हे कुठल्या प्लेऑफच्या तक्त्यात बसवणार?

तोलेदोकर

सीमेवरून बोलतोय. या दोन राज्यांचं भांडण फुटबॉलच्याही आधीचं आहे. १८३५ साली टोलेडोच्या पट्ट्यासाठी दोन्हीकडून सशस्त्र माणसं निघाली होती. मेलं कोणी नाही, एका डेप्युटी शेरीफला खिशातल्या चाकूची जखम झाली. शेवटी टोलेडो ओहायोला आणि मिशिगनला उत्तरेकडच्या द्वीपकल्पाचा मोठा भाग. मिशिगनला तेव्हा फसवल्यासारखं वाटलं, पण तिथे पुढे तांबं आणि लोखंड निघालं. सामने १८९७ ला सुरू झाले. आमच्या रस्त्यावर एका घरावर निळा झेंडा, पुढच्यावर लाल, आणि एका घरावर दोन्ही. ते आमचं.

बेळगावकर

दोन वर्षांत मिटलं त्यांचं? आमचं १९५६ पासून चालू आहे. वाचून पोटात कालवलं.

बारावा_गडी

टेक्सासहून. आमच्याकडे सून टेक्सास विद्यापीठाची, मुलगा टेक्सास ए अँड एमचा. २०११ नंतर तेरा वर्षं हा सामनाच झाला नाही, कारण ए अँड एम दुसऱ्या संघटनेत गेलं. त्यांच्या लग्नात विहीणबाई म्हणाल्या, बरं झालं, भांडण नको. आणि २०२४ ला सामना परत आला! ए अँड एमच्या मैदानात विद्यार्थी पूर्ण सामनाभर उभे राहतात, गरज पडली तर बारावा गडी म्हणून उतरायला तयार, ही त्यांची रीत. घरी मुलगाही उभा. मी गुडघ्यांमुळे बसले तर म्हणतो, "आई, तुला सूट आहे." टेक्सास १७-७ जिंकलं. सुनेने त्या रात्री आपणहून त्याच्या आवडीचं थालीपीठ लावलं. निळीशाई, हा माझा उपाय लिहून घ्या: जिंकणाऱ्याने स्वयंपाक करायचा.

वाचनमात्र

इतकी वर्षं नुसतं वाचतो, आज लिहितोय. खेळाडूंना पैसे मिळतात त्यावर कोणी काहीच कसं बोललं नाही? २०२१ पासून आपल्या नावावर जाहिराती घेता येतात, आणि या जुलैपासून विद्यापीठं थेट पैसे देऊ शकतात, वर्षाला एका विद्यापीठाला साधारण २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा. आमच्या घरात वडील म्हणतात, विद्यार्थी राहिलेच नाहीत हे.

हाडवैद्य

वडिलांचा आदर ठेवून सांगते, मी त्या मुलांचे गुडघे उघडलेत. त्यांच्या जिवावर स्टेडियम भरत होतं, प्रशिक्षक कोट्यधीश होत होते, आणि जखमी मुलगा शिष्यवृत्तीवर. मिळू देत त्यांना.

तिसरा_डाव

मिळू देत, पण मुलं दरवर्षी संघ बदलतात त्याचं काय? आपला म्हणून ज्याचं नाव पाठ करावं तो पुढच्या मोसमात समोरच्या रंगात.

नाद_खुळा

आमच्याकडं बी बाहेरनं खेळाडू आणत्यात राव, आफ्रिकेतनं सुद्धा. गडी बदलतो. पेठ बदलत न्हाई.

निळीशाई | २७ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंगच्या शुभेच्छा सगळ्यांना. घरची खबर.

मुलगा मंगळवारी रात्री आला. या आठवड्यात कोलंबसच्या आवारात सगळ्या पाट्यांवरच्या इंग्रजी एम अक्षरावर लाल फुली मारतात, मिशिगनचा म्हणून. बुधवारी सकाळी उठले तर माझ्या मसाल्याच्या डब्यांवर लाल टेप! मी वर इंग्रजीत नावं चिकटवली आहेत, सासूबाईंना चष्म्याशिवाय निदान पहिलं अक्षर ओळखता यावं म्हणून. मोहरी, मेथी, मिरची, मीठ, सगळ्यांची पहिली अक्षरं गायब. त्यांनी आमटीच्या फोडणीत मोहरी समजून चमचाभर मेथी टाकली. आमटी कडू झाली आणि सासऱ्यांनी दोनदा घेतली, "मधुमेहाला बरी" म्हणत.

सासूबाईंनी दाण्याचे लाडू केले होते. मुलाने ते अर्धेअधिक चॉकलेटमध्ये बुडवले आणि म्हणाला, "आजी, हे बकआय!" खरंच, ओहायोत शेंगदाण्याच्या लोण्याची तशीच मिठाई करतात, बकआय झाडाच्या (ओहायो स्टेटच्या संघाचं टोपणनावही त्यावरूनच) बीसारखी दिसणारी, वर एक फिकट डोळा उघडा ठेवलेली. हुबेहूब. लेक त्या थाळीला हात लावत नाही. सासूबाई काल रात्री उशिरा एकट्या बेसन भाजत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "तिचा रंग पिवळाच ना गं? मग बेसनाचे."

आज टर्की. उद्या उरलेल्या टर्कीचा तांबडा रस्सा, तो मान सासऱ्यांचा.

स्टेडियमशेजारी

बेसनाचे लाडू! डोळ्यांत पाणी आलं. टर्कीच्या रश्श्याची कृती वेगळा धागा काढून द्या, हक्काने सांगतेय.

कट्टाकर_पुणे

भाच्याने सांगितलंय शनिवारी इथल्या रात्री साडेदहाला सुरू. चहाचा थर्मास तयार ठेवलाय. मी कोणाच्या बाजूने ओरडायचं?

नाद_खुळा

आजोबांच्या.

बकआयबाबा | २९ नोव्हेंबर

२७-९!! सहा वर्षांनी!! माझा मुलगा बर्फात शर्ट काढून पळतोय. बाकी उद्या लिहितो.

कट्टाकर_पुणे

पूर्ण पाहिला. मिशिगनचे ९ म्हणजे तीन किक, शेवटच्या पट्ट्यात एकदाही पोचले नाहीत, बरोबर ना? समजायला लागलंय. निळीशाई, लेक कशी आहे?

तिसरा_डाव

अभिनंदन, बकआयबाबा. एक गोष्ट मान्य करतो. ओहायो स्टेट हरलं असतं तरी प्लेऑफला जाणारच होतं, आणि शेवटच्या पाच मिनिटांत त्या मुलांचे चेहरे बघून तसं अजिबात वाटत नव्हतं.

निळीशाई | ३० नोव्हेंबर

उशीर झाला, काल लिहायची ताकद नव्हती.

सुरुवातीला मिशिगनच्या दोन किक बसल्या, ६-०, तेव्हा लेक सोफ्यावर उभी होती. मग एकेक करत सगळं निसटलं. तिसऱ्या सत्रानंतर ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि भांडी घासायला लागली. यंत्र असताना, हाताने. संपल्यावर मुलगा ओरडत बाहेर पळणार होता, शेजारी दोन घरं निळी आहेत. सासऱ्यांनी त्याचा दंड धरला. म्हणाले, "आमच्याकडं गुलाल उधळतात, पण हरलेल्या दारासमोर ताशा थांबवायचा असतो. तुझं तर घरच ते." तो थांबला. स्वयंपाकघरात गेला, टॉवेल घेतला आणि ती घासेल ते भांडं पुसत उभा राहिला. दहा मिनिटं कोणी बोललं नाही. मग आतून तिचा आवाज आला, "तुमचा तो रिसीव्हर चांगला आहे." तो म्हणाला, "तुमची पुढची फळी गेल्या वर्षी चांगली होती." बारावा गडी, तुमचा उपाय सांगितला त्याला. रात्री पिठलं-भात त्याने केला. मीठ जरा जास्त, सगळ्यांनी खाल्लं.

जेवताना मी सासऱ्यांना माझा दुसरा प्रश्न विचारला, तुमच्या सगळ्यांचं म्हणणंही वाचून दाखवलं. त्यांनी थोडा विचार केला. म्हणाले, "लीग कुठल्या साली कुणी जिंकली ते मला आठवत नाही. पाटाकडीलकडून कधी कधी हरलो ते सांग म्हण, पावसासकट सांगतो." मुलगा त्यांच्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "आजोबा, मलाही गेल्या वर्षीचा १३-१० आठवतो. मी तेव्हा निळ्यात होतो, ताईच्या शेजारी."

आज सकाळी तो कोलंबसला निघाला. लेकीने त्याच्या डब्यात बेसनाचे लाडू भरले आणि स्वतः एक चॉकलेटवाला खाल्ला, खिडकीकडे तोंड करून. पुढच्या वर्षी २८ नोव्हेंबरला सामना कोलंबसला, तिकिटं मिळाली तर दोघं एकत्र बसणार म्हणतात.

डब्यांवरच्या टेपा काढायला घेतल्या. सासूबाईंनी मेथीची काढू दिली, मिरचीची काढू दिली. मोहरीची राहू दे म्हणाल्या, आता त्यांना तीच खूण पाठ झाली आहे.